हंय म्हणजे खंय?

या पानावर मी इतकी वर्षं येते ती भिण्यासाठी नाही, खुसपटं काढण्यासाठी. "पांढऱ्या साडीतली बाई दिसली" असं कुणी लिहिलं की खाली "लाईट होते का? चष्मा लावला होता का?" असं विचारणारी ती आगाऊ बाई म्हणजे मीच. काहींना आठवत असेन. ज्यांना तेव्हा पिडलं त्यांनी आता हवं तेवढं हसून घ्या, माझी हरकत नाही. उलट कुणीतरी माझंही खुसपट काढावं, "बाई गं, साधी गोष्ट आहे, असं असं झालं असणार" म्हणून मला पटवून द्यावं, यासाठीच हे लिहितेय.

मी मूळची मालवणकडची. गाव खाडीकाठचं आहे एवढंच सांगते, नाव देणार नाही. का, ते शेवटी कळेल. नोकरी पुण्यात. आणि कोकणातली असूनही भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्याकडे प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी बसलेलाच असतो... लहानपणी मी त्या सगळ्या वळणांवरून एकटी सायकलवर फिरलेय, एकानेही कधी लिफ्ट मागितली नाही.

आता माझं काम सांगावं लागेल, कारण त्याशिवाय मी का घाबरले ते कळणार नाही. फोनमधला नकाशा असतो ना, त्याला आपली मराठी समजावी यासाठी आमची टीम काम करते. आपण माणसं पत्ता कसा सांगतो बघा. "पिंपळाच्या पुढे डावीकडे वळा, शाळेच्या अलीकडे गिरण आहे." पिंपळाला पुढची बाजू असते का? नसते. तरी ऐकणाऱ्याला कळतं. अलीकडे म्हणजे बोलणारा ज्या बाजूला आहे त्या बाजूला. तोच माणूस शाळेच्या दुसऱ्या अंगाला गेला की तीच गिरण पलीकडे होते. गिरण हलत नाही, माणूस हलतो. पोरांना हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. कॉम्प्युटरच्या मात्र हे काही केल्या डोक्यात शिरत नाही, कारण तो कुठेच उभा नसतो.

सगळ्यात अवघड शब्द कुठला, तर "इथे". फोनवर आपण सगळेच म्हणतो, "इथेच आहे गं, पोचतोच." इथे म्हणजे कुठे? तर बोलणारा उभा असेल तिथे. मग ज्याला पायच नाहीत त्याने "इथे" कशाच्या जोरावर म्हणायचं? म्हणून आमच्या टीमने ठरवूनच टाकलं होतं की "इथे", "इथून", "मी", "येतो" हे शब्द त्याच्या तोंडी द्यायचेच नाहीत. त्याने बोलायचं ते "तुमच्या डावीकडे", "पुलानंतर", बस्स. हे जरा लक्षात ठेवा.

आता आमचं घर. घर खाडीला लागून, मध्ये फक्त आमचं नारळीचं आगर. पलीकडच्या काठावर दुसरं गाव. हल्ली वरच्या अंगाला पूल झालाय, पण माझ्या लहानपणी तर होती, म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी. बाबा पलीकडच्या शाळेत मास्तर होते. सुट्टीत कधी मधी मीही त्यांच्याबरोबर जायचे, आणि येताना आमचा एक ठरलेला खेळ असायचा. पाण्याजवळ आमचा एक उंच माड आहे, आणि घराच्या खूप मागे, टेंबावर म्हणजे टेकाडावर, देवळाचा कळस. पलीकडून होडी सुटली की कळस माडाच्या डाव्या हाताला दिसतो. होडी पुढे येईल तसा तो माडाकडे सरकत जातो. बरोबर माडाच्या पाठी गेला की अर्धी खाडी झाली. मग तो माडाच्या उजव्या हाताला बाहेर येतो, आणि बाबा म्हणायचे, "कळस उजव्या हाताक इलो गो बाय, आता चपला हातात घे." म्हणजे काठ आला, उतरायची तयारी करायची. त्यानंतर आगरातली झाडं आड येतात आणि कळस दिसेनासा होतो. आमच्या काठावरून तो दिसत नाही, कुठेही उभं राहा.

बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि विसरतात. जुनं सगळं शाबूत, सकाळचं गायब. मध्यंतरी कुडाळची एसटी पकडून गेले आणि बाजारात जाऊन उभे राहिले. का आलो, घर कुठे, काही आठवेना. ओळखीच्या एकाने घरी आणून सोडलं. हसतच घरात आले, पण रात्री ताट अर्धवट ठेवून उठले. मला कळलं तेव्हा पुण्यात ऑफिसच्या जिन्यात बसून मी रडले. माझा बाप मला चालताबोलता हवा होता, आणि तो असा वाटेवर सांडून जाईल की काय याची मला धास्ती बसली होती.

यात भर म्हणजे आमच्याकडची रीत. बाहेर पडणाऱ्या माणसाला "खंय?" म्हणजे कुठे, असं विचारायचं नाही. अपशकुन असतो. फार तर "लांब?" म्हणायचं. कुणी चुकून विचारलंच, तर माणूस परत घरात येतो, टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. आणि विचारणाऱ्याला सांगायचं तर मुळीच नाही. आता घरात विसरभोळा म्हातारा, तो उठून चपला घालतो, आणि आमच्या मातोश्री त्याला पायरीपर्यंत पोचवून नुसतं म्हणतात, "लवकर येवा हां!"

मी चिडले. "आई, बाबा विसरतत. खंय जातत तां कोणाक तरी ठावक नको?"

"लगीन झाल्यापासून मी कधी विचारूक नाय. सुखरूप घराक इले मा?"

"कुडाळाक गेले तेव्हा?"

"थंयसूनय इलेच मा?"

असल्या वकिलाशी कोण वाद घालणार? मग मी माझं डोकं चालवलं. दिवाळीआधी पंधरा-वीस दिवस गावी राहून काम करायचं ठरवलं होतं, येताना आमच्या अ‍ॅपची चाचणीची आवृत्ती घेऊन आले. ती बाबांच्या फोनमध्ये टाकली, माझ्याही होतीच. फोन घराबाहेर पडला की तो आपणहून विचारणार, "खंय जावचां आसा?" बाबा काय सांगतील ते आणि बाबा कुठे आहेत तो ठिपका, दोन्ही माझ्या स्क्रीनवर. त्याला मालवणी वाक्य हे एकच येत होतं, तेही मीच टाईप करून दिलेलं. बाकी सगळं पुस्तकी मराठी.

आई म्हणाली, "आम्ही विचारणव नाय, आणि आता ह्यो मेलो विचारतलो काय?"

मी हसले. तिला म्हटलं, यंत्राला कसला शकुन आणि अपशकुन.

बाबांनी फोनला एकदाही उत्तर दिलं नाही. पायरी उतरले की खिशातून तो सपाट आवाज यायचा, ना धड बाईचा ना बाप्याचा... "खंय जावचां आसा?" बाबा ओठ घट्ट मिटायचे आणि चालू लागायचे. माझ्या स्क्रीनवर दिसायचं, "उत्तर नाही". पण ठिपका दिसत होता. देवळात, दुकानावर, बांधावर. मला तेवढं पुरे होतं.

तो दिवस दिवाळीआधीच्या अष्टमीच्या आसपासचा. शेतात भातकापणी चाललेली, खाडीला संध्याकाळची भरती. दुपारचा चहा घेऊन बाबा बाहेर पडले. आईने "लवकर येवा" म्हटलं, खिशातून आवाज आला, बाबा गेले. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. थोड्या वेळाने फोन वाजला, बघते तर स्क्रीनवर उत्तर! एकच शब्द. "तरीर." म्हणजे होडीवर.

खरं सांगते, मला आनंद झाला. शेवटी बोलले बाबा एकदाचे! तर बंद होऊन जमाना झाला, पण म्हातारं माणूस जुन्या खाणाखुणा धरून बोलतं, असंच तर बोलणं आम्हाला हवं असतं. मी कौतुकाने नकाशा उघडला. ठिपका खाडीच्या मधोमध होता.

तरीही घाबरले नाही. पाण्याजवळ जीपीएस भरकटतो, रोजचंच आहे. पाचेक मिनिटांनी परत बघितलं. ठिपका तिथेच. भरकटलेला ठिपका नाचत असतो, हा खुंटीसारखा एका जागी. म्हणून फोन लावला. लगेच उचलला गेला.

"बाबा, खंय आसात?"

"हंय आसंय गो."

हंय म्हणजे इथे. मला हसू आलं, आमच्या ऑफिसातलं हे ठरलेलं उदाहरण. "हंय म्हणजे खंय?"

"हंयच."

"बरां, समोर काय दिसता तां सांगा."

"समोर आपलां घर दिसता." जरा थांबून, "कळस माडाच्या पाठी गेलो."

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. कळस माडाच्या पाठी कुठून दिसतो ते मला माहीत होतं. जगात एकाच जागेवरून दिसतो. आणि तिथे भरतीच्या वेळी दोन पुरुष खोल पाणी असतं.

आवाज बाबांचाच होता. पण नुसता आवाज होता... मागे वारा नाही, कावळा नाही, कसलीच कुजबुज नाही. "बाबा, तुम्ही होडयेत आसात?" मी ओरडले. तर परत तेच, त्याच चालीवर, "हंय आसंय गो." आणि फोन बंद झाला.

आई मागीलदारी होती. तिला कसंबसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "थंय आता होडी खंय रवली?" आणि शेजारच्या भाऊकाकांना हाका मारत पदर खोचून त्यांच्या घराकडे धावली. मी आगरातून पाण्याकडे धावत सुटले. चपला कुठे पडल्या कळलं नाही.

माझा फोन माझ्या हातात होता. घरापासून लांब गेले तसा तोही बोलला, बोलणारच, मीच तसं करून ठेवलेलं.

"खंय जावचां आसा?"

डोकं ठिकाणावर नव्हतं. मी किंचाळले, "बाबांकडे!"

आमचं अ‍ॅप उत्तर ऐकल्यावर म्हणतं, "ठीक आहे. मार्ग शोधत आहे." मी हजारदा ऐकलंय. त्या दिवशी ते त्याच सपाट आवाजात म्हणालं, "बाबांकडे. बरां. हंयसून सरळ."

हंयसून. इथून.

मी थांबले. बाप पाण्यात असेल अशा वेळी मुलगी थांबली, यावरून काय ते समजा. त्याला मालवणी येत नव्हती. "इथून" हा शब्द तर आम्ही कुठल्याच भाषेत त्याला दिलेला नव्हता. आणि इथून म्हणजे कुठून? स्क्रीनकडे बघितलं. नकाशात निळी वाट नेहमी आपल्या पायाखालून सुरू होते. ती वाट माझ्यापाशी नव्हतीच. खाडीच्या मधून सुरू होत होती आणि सरळ आमच्या काठाकडे येत होती, जुन्या तरीच्या पायऱ्यांकडे. मी त्या पायऱ्यांच्या दिशेने पळाले.

बाबा तिथेच होते. जांभ्याच्या पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवर बसलेले. भरतीचं पाणी दोन पायऱ्या खाली चुळूचुळू वाजत होतं. धोतर कोरडं, पाय कोरडे, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. मी जाऊन गळ्यातच पडले.

"काय झालां गो बाय? रडतंस कित्याक?"

"तुम्ही फोनार सांगलात मा, कळस माडाच्या पाठी..."

"मी? माका तो फोन खंय घेवक येता?" फोन सदऱ्याच्या खिशात होता, खिशाचं बटण लावलेलं. मी काढून बघितला. माझा कॉल आलेला, घेतलेला, बोलणं झालेलं. मी मान वळवून मागे वर बघितलं. माडांची झावळं, त्यामागे आंबा. कळस दिसत नव्हता, दिसणारच नव्हता.

"मग तरीर जातंय म्हणान कोणी सांगल्यान?"

"मी सांगूक नाय." बाबा अगदी शहाण्यासारखे बोलत होते, बऱ्याच दिवसांत इतके स्वच्छ बोलले नव्हते. "मगासधरना विचारता तो, खंय जावचां, खंय जावचां. मी तोंड उघडूक नाय. भायर पडलेल्या माणसाक असां विचारूचां नसता, आणि विचारल्यान तरी सांगूचां नसता."

"तो फोन विचारता, बाबा. मीच तसो करून ठेवलंय."

"फोन नाय गो." त्यांनी हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. "तो."

मी बघितलं. शपथेवर सांगते, तिथे काही नव्हतं. नुसतं भरलेलं पाणी, उन्हं उतरत आलेली, आणि मधोमध एवढाच एक गुळगुळीत पट्टा जिथे लाट उठत नव्हती. होडी उभी असली की तिच्या आडोशाला पाणी असं दिसतं.

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "अर्ध्यार इलो आणि थांबलो. खंय जावचां तां तेका कळणा नाय. कोणी सांगूक नाय तेका. सांगूक नाय तोपर्यंत येवचो नाय."

मागून भाऊकाका आणि आई धापा टाकत आले. आईने बाबांचा दंड धरला, भाऊकाका दोर घेऊन आले होते तो तसाच खांद्यावर टाकून उभे राहिले. सगळे हसायला लागले, सुटल्यासारखे. आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला तो तेव्हा. बाबांनी उत्तर दिलं नव्हतं, पण मी दिलं होतं. धावताना, मोठ्याने, बापाचं नाव घेऊन.

दिवेलागणीला आई माझ्याजवळ येऊन बसली. "तू काय तरी सांगलंस काय तेका?" तिने "तेका" म्हटलं, "फोनाक" नाही. मी सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती नुसती उठली आणि उंबऱ्यावर दिवा लावून परत आली. मी तिला बिलगून झोपले. या वयात!

दुसऱ्या दिवशी भाऊकाकांनी गावच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वरची शीव, खालची शीव, पाण्याची, डोंगराची, एकेक हद्द नाव घेऊन सांगितली आणि म्हणाले, "जो कोणी वाट चुकान हंय इलेलो आसात, तेका तेच्या वाटेक लाव रे म्हाराजा!" आजवर अशा वेळी मी लांब उभी राहून मोबाईल बघायचे. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी माझा आवाज निघाला, "व्हय म्हाराजा!"

अ‍ॅप दोन्ही फोनमधून काढून टाकलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सगळं खरं न सांगता नोंदी तपासायला सांगितल्या. त्याने बघून कळवलं की बाबांच्या खात्यावर "तरीर" हा शब्द उमटलाय, पण शब्दामागे आवाजच नाही. कुणी बोललंच नाही, नुसता शब्द आहे. माझं "बाबांकडे" आवाजासकट आहे. त्यानंतर अ‍ॅप काय बोललं त्या जागी "ठीक आहे. मार्ग शोधत आहे" असं लिहिलेलं आहे. तो म्हणाला, चाचणीची आवृत्ती आहे, असं होतं. पाण्यावरून सिग्नल परततो म्हणून ठिपका सरकला. तू घाबरलेली होतीस, एक ऐकायचं ते दुसरं ऐकलंस.

मीही स्वतःला हेच सांगितलं. बाबांनी फोन घेतला असेल आणि विसरले असतील, ते तर विसरतातच. समोर काय दिसतं विचारल्यावर आमचा जुना खेळ आठवला असेल, जुनं सगळं शाबूत आहे. पाण्यावरचा पट्टा काय, वाऱ्यानेही होतो. इतर कुणी हे इथे लिहिलं असतं तर मी याच ओळी खाली टाकल्या असत्या, वर एक हसरा चेहरा. मग एकटी असताना "हंयसून सरळ" आठवतं आणि माझं एकही उत्तर टिकत नाही.

पुण्याला परत येताना दोघांनाही घेऊन यायचा हट्ट केला. आई तयार होती. बाबा ऐकेनात. "हंय माझां घर आसा. थंय येवन मी काय करू?" हंय आणि थंय, एवढ्यावर विषय संपला. मला वाटलं, दिवाळी होऊ दे, मग बघू. निघताना ते फाटकापर्यंत आले, डोक्यावरून हात फिरवला, काही विचारलं नाही. शहाण्या बापासारखे नुसते "ये हां" म्हणाले.

त्याला बरेच दिवस झाले. रोज संध्याकाळी मी आईच्या फोनवर फोन करते. बाबा बरे आहेत, गोळ्या घेतात, फार लांब जात नाहीत. मीही हळूहळू सैल झाले. हे लिहायचा विचारही सोडून दिला होता.

आज संध्याकाळी माझा फोन वाजला. बाबांचा नंबर. बाबा कधीच स्वतःहून फोन करत नाहीत, त्यांना जमत नाही. मी उचलला. कानावर येईल ते ऐकायचं आणि आपण "कुठे" हा शब्द उच्चारायचा नाही, एवढं भान मला होतं. मी नुसतं "बाबा?" म्हटलं.

"हंय आसंय गो."

मागे वारा नाही, कावळा नाही.

"समोर आपलां घर दिसता." मग जरा थांबून, "कळस उजव्या हाताक इलो."

फोन तसाच कानाला धरून मी घरातल्या दुसऱ्या फोनवरून आईला लावला. आई म्हणाली, ह्ये समोर जेवक बसलेत, आज सोलकढी मागून घेतली. बाबांचा फोन? तो फळीर आसा, हंयच, माझ्या डोळ्यांसमोर. कित्याक गो? मागून बाबांचा आवाज आला, भात वाढ म्हणून सांगत होते. एका कानात ते, आणि दुसऱ्या कानात अजून ती शांतता. मग ती बंद झाली.

आईला मी एवढंच सांगितलं की दार लाव, उंबऱ्यावर दिवा ठेव, आणि बाबांना पाण्याकडे जाऊ देऊ नको. तिने का म्हणून विचारलं नाही.

कळस उजव्या हाताला आल्यावर काय करायचं असतं, ते मी वर लिहिलंय.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा, आज मला कितीही मूर्खात काढलंत तरी चालेल, उपकार मानेन. फक्त गावाचं नाव विचारू नका, कुठे जायचं ते एकदा माझ्या तोंडून सुटलंय तेवढं पुरे. मी आत्ता बॅग भरून गाडीची वाट बघत बसलेय, माझ्या आईबापाला आणायला निघालेय. कृपया कुणी कुठे म्हणून विचारू नका.